यंत्र दारात असताना

माझे यजमान श्रीराम इंग्लंडात श्रूजबरीत भूलतज्ज्ञ होते. शनिवारी संध्याकाळी ते आमच्या दीपासोबत काळातून फिरणाऱ्या माणसाची ब्रिटिश मालिका बघायचे. शहाऐंशी साली एका भागात त्याची सोबतीण मेली, आणि यंत्र दारात असूनही तो तिला वाचवायला काळात मागे गेला नाही.

"बाबा, रूल्स असतात," दीपा म्हणाली.

"कसले रूल्स? भेकड आहे साला." यांनी टीव्ही बंद केला.

मी पोळ्या लाटत राहिले. दोन वर्षांपूर्वी सासूबाई अत्यवस्थ असल्याची भारतातून तार आली, तेव्हा आम्ही लगेच तिकीट काढलं होतं. पण यांची भूलशास्त्रातली फेलोशिपची परीक्षा आठवड्यावर आली होती. "आई तेवढी थांबेल," हे म्हणाले. त्या थांबल्या नाहीत. हे पास झाले.

तिकीट कॅन्सल करायचा फोन यांनी मला करायला लावला होता, आणि मी तो केला.