बॉनेटवरच्या अक्षता

लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या क्वार्टरमागे कडुनिंबाखाली एक मेकॅनिक बसतो. नाव कधी विचारलं नाही. दसऱ्यानंतर चार दिवसांनी माझी गाडी सुरू होईना. हा आता अख्खं वायरिंग बदलायला लावणार, असं मी धरूनच चाललो होतो. त्याने आधी हात स्वच्छ पुसले, बॉनेट उघडलं आणि आतल्या कोपऱ्यातून कुंकवाने माखलेले तांदूळ वेचून माझ्या तळहातावर ठेवले.

"यही खाने चूहा आया था, साहब. दो तार कुतर गया. जोड़ देता हूँ."

मी ओशाळलो. "तो पूजा न करें?"

"बिल्कुल कीजिए. चावल नहीं, फूल चढ़ाइए. और हफ़्ते में एक बार बोनट खोलकर देख लीजिए."

काम झाल्यावर त्याने बॉनेट हलकेच लावलं, त्यावर हात टेकवला आणि तोच हात कपाळाला लावला. पुढची गाडी आली, तेव्हा त्याने पुन्हा हात पुसले.

आमचा दसरा वर्षातून एकदा येतो. त्याचा दर गाडीला.