बाही सोडायची नाही

कुनुगी सरांनी प्लॅस्टिकच्या डब्यात तोफूची ताजी, थरथरणारी वडी ठेवली, झाकण लावलं आणि डबा कमरेच्या उंचीवरून फरशीवर सोडून दिला. त्या आवाजाने मागच्या बाकावरचे दोघे जागे झाले.

"डबा फुटला का?"

"नाही सर."

सरांनी झाकण उघडलं. आत पांढरा चोथा झाला होता.

"डबा थांबला, पण तोफूला ते कुणी सांगितलंच नाही. वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे संवेग. तो घेऊन तोफू खालीच निघाला होता. संवेग संपवायला आवेग लागतो, बल गुणिले काळ. काळ कमी मिळाला की बल तेवढं वाढतं. डोक्यातही असंच होतं. कवटी शाबूत, आत चोथा."

"सर, इबुकीच्या कवटीत हलायला काही नाहीच!"

वर्ग खिदळला. ज्यूदो संघाचा पंच्याण्णव किलोचा कप्तान इबुकी, तोही हसला. त्याच्या शेजारचा नोझू मात्र बाकावर कपाळ टेकून बसला होता. तो या वर्षीच, एप्रिलमध्ये शाळा सुरू झाल्यावर, ज्यूदो शिकायला लागला होता.

"नोझू, डोकं दुखतंय?"

"नाही सर. ठीक आहे."

सरांचा खडू फळ्यावर अडला. हे त्यांनी अडतीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं, अगदी याच आवाजात.

तेव्हा ते कॉलेजच्या संघाचे कप्तान होते. चटईवर घासून त्यांचा डावा कान फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा सुजला होता, तो आजही तसाच आहे. समोरच्याला फेकताना त्याची बाही शेवटपर्यंत धरायची, वर ओढायची, हे तालमीत पहिल्याच दिवशी शिकवतात. बाही धरली की पडणारा सावकाश थांबतो. कुणाला अद्दल घडवायची असली की कप्तान बाही सोडत. सामना हरलेल्या माकिओची बाही कुनुगींनी सोडली. अकरा वेळा. माकिओ दर वेळी उठला, वाकून आभार मानले, ठीक आहे म्हणाला. चौथ्या दिवशी तो गेला. अंत्यविधीला त्याच्या आईने कुनुगींच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ती त्यांच्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

त्यानंतर ते कुठल्याच तालमीची पायरी चढले नव्हते.

शाळा सुटल्यावर व्हरांड्यातून जाताना त्यांना शाळेच्या तालमीतून आवाज आले. धप्प. धप्प. दोन्हींमध्ये अंतर फार थोडं होतं. प्रशिक्षक परगावी गेले होते. सर मोजे न काढता, उंबऱ्यात नमस्काराला न वाकता सरळ चटईवर चालत गेले. भिंतीला टेकून बसलेली मुलं ताडकन उठली.

"अजून पाच!" इबुकी ओरडत होता. "रविवारी दहा सेकंदांत चीत झालास. सगळ्या संघाचं नाक कापलंस. ऊठ!"

"बास. याला दवाखान्यात न्यायचंय."

"सर, तुमचा तोफू वर्गात. इथलं आम्ही बघतो. काय रे नोझू, काय होतंय तुला?"

"ठीक आहे," नोझू म्हणाला. त्याच्या एका डोळ्यातली बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसत होती.

सर मध्ये घुसले आणि त्यांनी इबुकीची कॉलर धरली. पुढचं इबुकीने ठरवून केलं नाही. त्याच्या अंगाने केलं. पाय आडवा आला, छत फिरलं, आणि इबुकीच्या हातून सरांची बाही सुटली. खांद्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कुणी जागचं हललं नाही.

मग नोझू गुडघ्यांवर बसला, भडाभडा ओकला आणि त्यातच आडवा झाला.

"ॲम्ब्युलन्स बोलवा!" सर पडल्या जागेवरून किंचाळले. त्यांच्याकडे धावणाऱ्या मुलाला त्यांनी लाथेने ढकललं. "मला नाही, गाढवा! त्याला!"

डॉक्टरांनी नोझूची कवटी उघडून साकळलेलं रक्त काढलं. तो वाचला. अजून चमच्याला काय म्हणतात ते त्याला आठवत नाही.

दहा दिवसांनी सर हात गळ्यात बांधून वर्गात आले. त्यांनी नवी वडी डब्यात ठेवली आणि इबुकीला पुढे बोलावलं.

"कमरेइतका उंच धर. आता सोड."

इबुकीने डबा दोन्ही हातांत धरला. नोझूचं बाक रिकामं होतं. इबुकीची नखं पांढरी पडली.

"सोड की रे," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

घंटा झाली, तरी डबा त्याच्या हातातच होता.