न चढलेलं ड्रॉइंग

माझ्या फोनवरचं प्रत्येक बोलणं रेकॉर्ड होतं. ही सवय मला एका गिऱ्हाइकानं लावली. तासगावकडचा बागाईतदार होता. मी लोखंडी शेड बांधून देतो; त्याच्या बेदाण्याच्या शेडसाठी तीन बैठका झाल्या, त्यानं ड्रॉइंग मोबाइलवर मागवून घेतलं, हातावर हात मारला, चहा झाला. काही महिन्यांनी त्या रस्त्यानं जाताना पाहिलं तर शेड उभी. दुसऱ्या कुणीतरी बांधलेली, पण माझीच. छपराच्या कैच्या माझ्या, खांब माझे. पन्हळीचा उतार मी चुकून उलटा काढला होता, तोही तसाच. गाडी थांबवून जाब विचारला तर हसत म्हणाला, "मी कधी हो म्हणालो होतो? पुरावा दाखवा."

त्या दिवसापासून फोन रेकॉर्डिंगवर टाकला आणि कारखान्यात सांगून ठेवलं की एकही ड्रॉइंग मोबाइलवरून कुणाला जायचं नाही. सगळी ड्रॉइंगं क्लाउडवरच्या एकाच फोल्डरमध्ये राहतील. ज्याला बघायचं त्यानं तिथं बघावं. संगणक बसवणारा म्हणाला, प्रत्येकाला वेगळं खातं घ्या. मी त्याच्याशी तासभर घासाघीस करून ऑफिस, शॉप, साइट आणि माझा फोन, सगळ्यांना मिळून एकच खातं घेतलं. उठताना तो कंटाळलेला होता आणि मी खूश होतो. अशा गोष्टीत मी कधी हरलेलो नाही.

मी माण तालुक्यातला. घरी मेंढरं होती. सांगलीला वेल्डिंग शिकायला आलो तेव्हा गावातला एक सोबती त्याच एसटीनं, शेजारच्या सीटवर बसून आला. दोघं एकाच शॉपमध्ये झोपायचो. पुढं मी एमआयडीसीत स्वतःचं शॉप टाकलं आणि तो माझ्याकडं मुख्य वेल्डर झाला. मला अरेतुरे करणारा कारखान्यात तो एकटाच.

गेल्या वर्षी दहिवडीच्या पलीकडं एका शेळीपालनवाल्याची शेड मिळाली. आमच्याच मुलखातलं काम म्हणून मी जरा जास्तच मिरवलो. ड्रॉइंग झाल्यावर गिऱ्हाइकानं शेडची उंची वाढवून मागितली. आमच्या ऑफिसात ड्रॉइंग करणाऱ्या मॅडम होत्या, चार वर्षं माझ्याकडं होत्या. त्यांनी हिशेब करून सांगितलं की माळावरचं वारं बघता खांबाच्या तळाच्या प्लेटला आता दोन बोल्ट पुरणार नाहीत, चार लागतील. त्याप्रमाणे त्यांनी ड्रॉइंग बदललं. शॉपमध्ये त्याची छापील प्रत दिली आणि चार भोकांच्या प्लेटा तयार झाल्या. साइटवर माझा मेहुणा देखरेखीला होता. त्यानं फोल्डर उघडून ड्रॉइंग बघितलं आणि खांबांच्या पायात बोल्ट बसवून काँक्रीट ओतलं. प्रत्येक पायात दोन.

खांब उभे करायच्या दिवशी दुपारी वारं सुटलं. कैच्या अजून चढायच्या होत्या. कडेचा एक खांब बोल्टासकट उपटला आणि खाली उभ्या असलेल्या माझ्या सोबत्याच्या पायावर आला. मिरजेच्या दवाखान्यात गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी साइटवर गेलो. खांब तसाच आडवा पडलेला. प्लेटच्या चार कोपऱ्यांत चार भोकं मोकळी, आणि मधोमध गॅसनं जाळून पाडलेली आणखी दोन. वेडीवाकडी. मी मेहुण्याच्या अंगावर ओरडलो, "ही कुणी पाडली?" तो पायातल्या चपलेकडं बघत उभा राहिला.

सोबत्याचा थोरला भाऊ फौजेतून निवृत्त झालेला आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यानं मला एकच विचारलं, "चूक कुणाची?" मी म्हणालो, "ऑफिसातल्या बाईंनी नवीन ड्रॉइंग पाठवलंच नाही." त्यानं खिशातली वही काढून मॅडमचं नाव लिहून घेतलं. सोमवारी पोलिसांत तक्रार देणार होता. मी त्याच संध्याकाळी मॅडमना कामावर येऊ नका म्हणून सांगितलं.

शनिवारी सकाळी अकरा वाजता त्या आल्या. मी बसा म्हणायच्या आत खुर्ची ओढली.

"माझं नाव तक्रारीत जाणार आहे म्हणे."

"ड्रॉइंग तुमचं होतं."

"मग ड्रॉइंगच बघू या ना, साहेब."

त्यांनी त्यांच्या टेबलावरचा संगणक सुरू केला. चार बोल्टांचं ड्रॉइंग त्यावर होतं. काँक्रीटच्या आदल्या दिवशीची तारीख, सकाळची वेळ. मग तेच ड्रॉइंग त्यांनी क्लाउडवर उघडलं. तिथं दोन बोल्ट. बदलांची जुनी यादी काढली. आधीचे दोन बदल होते, तिसऱ्याचा पत्ताच नाही. "म्हणजे मी केलं, पण इथून चढलं नाही," त्या म्हणाल्या. फाइलच्या नावाशेजारी दोन बाण गोल फिरत होते आणि खाली लाल अक्षरांत जागा संपल्याची सूचना होती. तिथं बोट ठेवून त्या म्हणाल्या, "त्या सकाळपासून एकही फाइल चढलेली नाही. साइटवर जुनंच दिसणार."

"जागा कशानं संपली? आपली ड्रॉइंगं केवढी असतात?"

"तेच बघते."

त्यांनी कुठला फोल्डर किती मोठा ते काढलं. सगळ्या वर्षांची सगळी ड्रॉइंगं मिळून एक बारीक पट्टी होती. उरलेली सगळी जागा माझ्या फोनवरून आपोआप चढलेल्या रेकॉर्डिंगनी खाल्ली होती. पत्रेवाला, रंगवाला, ट्रकवाला, बायको, मेहुणा. हजारो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. संगणक बंद केला.

"तुम्ही मला सांगायला हवं होतं," मी म्हणालो.

"सांगितलं होतं. फोनवर." त्या पर्स घेऊन उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "तुमच्याकडं असेलच की."

असणारच होतं. फोनमध्ये त्यांच्या नंबराखाली मिळालं. मी पत्र्याच्या व्यापाऱ्यासमोर बसलो होतो, भाव तुटायला आला होता, तेवढ्यात आलेला फोन. मी केबिनचं दार लावून ऐकलं.

"साहेब, क्लाउडची जागा संपलीय. नवीन ड्रॉइंग चढत नाहीय. जुनं थोडं काढू का?"

"काही काढायचं नाही."

"मग साइटवर मोबाइलवर पाठवू का? उद्या काँक्रीट आहे."

"मॅडम, किती वेळा सांगायचं? माझा एक कागद बाहेर गेला तर उद्यापासून घरी बसायचं! संध्याकाळी बघू. ठेवा."

त्यानंतर त्यांचा श्वास ऐकू येतो आणि फोन बंद होतो. संध्याकाळी मी भाव तोडल्याच्या आनंदात घरी गेलो होतो.

ते रेकॉर्डिंग पुसायला एक बोट पुरलं असतं. क्लाउडवर ते चढलेलंच नव्हतं, फक्त माझ्या हातात होतं. मी बोट ठेवलंही. पुसू का, असं फोननं विचारलं. तेव्हा तो बागाईतदार डोळ्यांपुढं आला, पुरावा दाखवा म्हणताना हसला होता तसा. मी फोन खिशात टाकला आणि गाडी काढली.

मी निवळलो होतो असं नाही. विट्यापासून पुढं वाटभर मी मनातल्या मनात मॅडमशी भांडत होतो. एकदा सांगून गप्प का बसलात? दुपारी पुन्हा फोन का केला नाहीत? समोर येऊन टेबलावर हात का आपटला नाहीत? हा राग माझा अजून गेलेला नाही. माझ्या भोवतीची माणसं मला एकदाच सांगतात आणि मग सोडून देतात. त्याचं कारण मला कळतं. कळल्यानं राग कमी होत नाही.

गावात पोचलो तेव्हा दवाखान्यातून घरी आणलेला सोबती ओट्यावर खाटेवर पडला होता. पायावर गोधडी होती आणि ती एका बाजूला मध्येच सपाट होत होती. भाऊ शेजारी वही घेऊन बसलेला.

मी रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज त्या ओट्यावर फार मोठा वाटला. आतून वहिनी दारापर्यंत आल्या आणि परत गेल्या.

भावानं वहीतलं नाव खोडलं. "मग कुणाचं लिवू?"

"माझं लिहा."

त्यानं लिहिलं. अक्षर सावकाश, फौजेतल्यासारखं. मला वाटलं, झालं. जड होतं, पण झालं.

तेव्हा सोबती छताकडं बघत म्हणाला, "बाईचा फोन ऐकीवलास. माझा कुठं हाय?"

"तुझा कुठला?"

"आरं, खांब उभं करायच्या दिशी सकाळी केल्ता की. म्हणलं, गड्या, प्लेटीला चार भोकं हायत आन् पायात बोल्ट दोनच. ह्ये जुळंना. मॅडमला इच्यारतो. तवा काय म्हणलास?"

मला आठवेना. मी दिवसाला तीसचाळीस फोन घेतो. तो काही कुभांड रचणारा माणूस नव्हे, आणि मला आठवत नव्हतं, हेही खरं.

"म्हणलास, क्रेन भाड्यानं हाय, इच्यारत बसू नको. गॅसनं मधी दोन भोकं पाड आन् उभा कर." त्यानं मान माझ्याकडं वळवली. "मीच पाडली ती. ह्या हातानं."

मला साइटवर चपलेकडं बघत उभा राहिलेला मेहुणा आठवला.

भाऊ म्हणाला, "ते बी असंल की त्यात. लावा."

मी सोबत्याच्या नंबराखालची यादी उघडायला गेलो. इतक्या वर्षांची बोलणी, मोबाइल गच्च भरलेला, यादी काही उघडेना. पडद्यावर गोल फिरत राहिलं. मी दोनदा बंद करून पुन्हा लावलं. समोरच्या माळावरून वारं येत होतं आणि गोधडीचं सपाट टोक हलत होतं.

"थोडं थांबावं लागेल," मी म्हणालो.

"थांबू की," सोबती म्हणाला. "मला कुठं जायाचंय?"