बगळबेटाचं बाळंतपण

दुसरबीडच्या खाली दोन कोसांवर खडकपूर्णा नदीचे दोन फाटे होतात आणि मध्ये एक बेट सुटतं. भोई लोक त्याला बगळबेट म्हणत. लांबीला गोफणीच्या चार फेकी, रुंदीला दीड. काठानं शिंदीची गच्च झाडी, आत बाभळी, करंज, एक म्हातारा उंबर, आणि उंबराखाली शेंदूर लावलेला महादेव.

मोठ्या दुष्काळात सात भोई घरं या बेटावर जाऊन राहिली होती. शिंदीचा गाभा उकडून खाल्ला, मासे संपले तसे बगळे खाल्ले, शेवटी घरट्यांतली अंडीसुद्धा खाल्ली. माणसं जगली. पण पुढं सहा वर्षं बेटावर एक पाखरू उतरलं नाही. सातव्या वर्षी आषाढात पांढरे थवे परत आले, तेव्हा त्या सात घरांतल्या थोरल्या बाईनं महादेवापुढं नेम केला, की पाखरं अंड्यांवर बसली म्हणजे बेट बाळंतीण झालं. बाळंतिणीच्या खोलीत परक्यानं शिरायचं नाही. पिलं उडून गेली की कार्तिकात घरातल्या थोरल्या बाईनं हळदकुंकू घेऊन जायचं, महादेवाला पाणी घालायचं, खिचडीचा नैवेद्य दाखवायचा. मग शिंदीचं पान कापायला विळे उतरायचे. तोवर नाही.

ती थोरली बाई म्हणजे कौशल्याबाईची आजेसासू. आता नेम कौशल्याबाईकडं आला होता. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, पोटी दोन मुली, दोघी दिल्या घरी. शिंदीच्या पानांच्या चटया विणायच्या आणि दुसरबीडच्या बाजारात विकायच्या, त्यावर तिचं चाललेलं. तिची चटई खळ्यात अंथरली तर चार सुग्या उसवत नाही असं लोक म्हणत. कारण साधं होतं. कार्तिकाचं पान पिकलेलं असतं. श्रावणातलं पान कोवळं, आठ दिवसांत त्याला बुरशी धरते.

मग सरकारनं बेट राखीव केलं. काठावर दगड रोवले, दगडांवर आकडे घातले, आणि शकूर नावाचा जंगलचा शिपाई राखणीला दिला. शकूर इथलाच, पिंजाऱ्याचा. कौशल्याबाईला प्रथम बरंच वाटलं.

"आतापोतर आपण येकटेच सांभाळत होतो, आता सरकारबी आलं जोडीले," ती दिराला, तुळशीरामला म्हणाली.

"सरकार सांभाळाले येत नाही वयनी," तुळशीराम नाव बांधता बांधता म्हणाला. "सरकार मोजाले येते."

पान कापायला पास लागेल असं ठरलं. पास आला तोही आपणहून, शकूरनंच आणून दिला. मुदत श्रावण ते दसरा. दिवाळीनंतर बाभळी तोडायचा ठेका सुटायचा, ठेकेदाराच्या माणसांत गावची माणसं मिसळू नयेत म्हणून गावाची कामं आधी उरकायची, असा हिशेब. कागदावर तो बरोबरच होता.

कौशल्याबाईनं पास देव्हाऱ्यात ठेवला आणि श्रावण, भादवा, आश्विन गप्प बसली. बेट पांढरं झालं होतं. वारा फिरला की विष्ठेचा उग्र वास थेट तिच्या चुलीपर्यंत यायचा. कार्तिकात ती हळदकुंकू, खिचडी आणि विळा घेऊन गेली, पास कनवटीला लावून. शकूर काठावर उभा.

"काकी, मुदत सरली."

"अरे, पास हाय ना!"

"पास हाय, पन दसऱ्यालोक. तवा काऊन नाही आली?"

"तवा बेट बाळंत होतं, बाबा. तुले ठावं नाही? तुही माय नाही का गेली कधी माह्यासंगं?"

शकूरची मान खाली गेली. त्याची आई इमामबी दर कार्तिकात तिच्याबरोबर नावेतून यायची, खिचडीचा प्रसाद पदरात घेऊन जायची.

"मले ठावं हाय काकी. माह्या वहीले नाही."

तिनं महादेवाला पाणी घातलं आणि विळा तसाच परत आणला.

पुढं ती बुलढाण्याला गेली. दुसरबीडपर्यंत पायी, पुढं मोटारीनं. जंगल खात्याच्या कचेरीत भगवानराव नावाचे कारकून होते. स्वभावानं वाईट नव्हते; त्यांनी तिला बसायला बाक दिला, पाणी दिलं, मग रजिस्टर उघडलं.

"बाई, तुमच्या नावापुढं कापलेले भारे शून्य. म्हणजे गरज नाही असं वर कळवलंय. गरज नसली की हक्क निघतो."

"गरज कशी नाही साहेब? मी खाऊ काय?"

"मग कापलं का नाही?"

तिनं सगळं सांगितलं. दुष्काळ, अंडी, सहा वर्षं, आजेसासू. भगवानरावांनी लेखणी खाली ठेवून ऐकलं, आणि शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारली, "ऐकलंत का? आता बगळ्यांचं बाळंतपणही आपल्याच खात्याकडं!"

दोघं हसले. कौशल्याबाई हसली नाही.

"तुमच्या मालकिनीच्या खोलीत पाचवीच्या आंदी कोनी विळा घिऊन शिरला तं चालंल का साहेब?"

भगवानरावांचं हसू थांबलं. रागावले नाहीत, पण कानाची पाळी लाल झाली. "अर्ज लिहून देतो," ते म्हणाले. "मुदत कार्तिकात द्या असा." आणि त्यांनी लिहिला, वाचूनही दाखवला. शेवटी त्यांनी आपल्या बुद्धीनं एक ओळ घातली होती, की भोई समाजाला श्रावण ते दसरा बेटावर पाय ठेवण्यास धर्माची मनाई आहे. तिला ती ओळ आवडली. खरी होती. तिनं अंगठा दिला.

चैत्रात उत्तर आलं. ते शकूरनं नावेच्या काठावर बसून वाचलं. पासाची मुदत नियमानं ठरली आहे, ती बदलत नाही. त्या मुदतीत अर्जदारांस धर्मानंच मनाई असल्यामुळं पास देण्याचं प्रयोजन उरत नाही. तथापि एक वर्ष पास चालू राहील. मुदतीत निदान पाच भारे न कापल्यास हक्क कायमचा रद्द.

"माह्याच तोंडानं माहा गळा," कौशल्याबाई म्हणाली. "खरं सांगाले गेली मी. मायबाई, कशाले गेली!"

त्या वर्षी श्रावण लागल्यापासून वस्तीत दुसरा विषय नव्हता. तुळशीराम म्हणाला, "पाच भारे वयनी. कडंकडंनं. पाखरायले कळनार बी नाही."

शकूर एकदा एकटाच आला आणि हळूच म्हणाला, "काकी, तू येऊच नोको. मी लिवतो पाच."

"अन् साहेब पाहाले आला तं?"

"तं माही नवकरी जाईल."

"तुह्या घरी खानारी पाच तोंडं. मी तुह्या नवकरीवर चटई विनू का?"

आश्विनातल्या एका सकाळी ती स्वतःच तुळशीरामला म्हणाली, "चला भाऊजी." नाव काठाला लागली. डोक्यावर, शिंदीवरून पाण्याकडं झुकलेल्या बाभळीच्या फांद्या पिलांनी वाकलेल्या. अर्धीमुर्धी पिसं फुटलेली, चोची वासून ओरडणारी शेकडो पिलं. नाव टेकताच मोठे बगळे एकदम उठले, आणि पलीकडच्या काठावर बसलेले कावळे त्याच क्षणी या बाजूला निघाले. जणू वाटच पाहत होते. एक पिलू घाबरून घरट्याच्या कडेवरून सटकलं आणि पाण्यात पडलं. तुळशीरामनं वल्हं पुढं केलं, तोवर ते खाली गेलं होतं.

"मागं घ्या," कौशल्याबाई म्हणाली.

"वयनी, आता आलोच हाओ तं..."

"मागं घ्या म्हनते ना! कावळे पाहा कसे उतरून राह्यले!"

नाव मध्यावर आली तसे बगळे परत बसले. ती विळा हातात धरून त्यांच्याकडं बघत राहिली आणि मग मोठ्यानं शिव्या द्यायला लागली. "मेल्याहो, आटपा की लवकर! दसरा आला! साऱ्या दुनियेची बाळंतपनं होतात, तुमचंच सरत नाही!" तुळशीराम आधी हसला, मग पाठ फिरवून वल्हं मारू लागला, कारण ती रडत होती.

हक्क गेला.

आता ती चार कोसांवरच्या नाल्यातून शिंदी आणते, डोक्यावर. तिथली झाडं खुरटी, पान आखूड, जोड जास्त. बाजारात गिऱ्हाईक चटईवर हात फिरवतं आणि विचारतं, "काऊन बाई, हातचं कसब गेलं का तुह्या?"

"हात हाये तसेच हायेत," ती फणकारते. "घ्यायची तं घे, नाही तं ठेव खाली. दाबून काय पाहातं?"

गेल्या बाजारी शकूर तिच्या समोरून चालला होता, नजर चुकवत. तिनंच हाक मारली.

"उडाले का रे?"

"दोन घरटी राह्यली, काकी. उंबराकडली."

"अजून?" ती चिडून म्हणाली. "कार्तिक लागला. उडाले की सांगजो. हळद दळून ठेवली मी."

"ठेकेदाराची मान्सं सोमवारी उतरनार हायेत."

"मंग त्यायले मंगळवारी उतराले सांग. आंदी माही हळद जाऊ दे," ती म्हणाली, आणि चटई उलटी करून गिऱ्हाइकाला तिची वीण दाखवू लागली.