म्हणणे काही नाही

“म-म-म-माझं घर,” साहेब म्हणाले.

तोतरा मी आहे, साहेब नाहीत. ते माझी नक्कल करत होते. टेबलाशी बसलेला बाबू हसला. मागच्या बाकावर आपल्या नंबरची वाट पाहणारे लोक हसले. त्यातला एक जण माझ्यासारखाच घराच्या टॅक्सचं बिल हातात धरून आलेला. तोही हसला.

मी पुन्हा सुरुवात केली. ‘माझं’ म्हणायला ओठ मिटले ते उघडेनात. असं झालं की मान ताठते, डोळे आपोआप बंद होतात. बाहेरून ते कसं दिसतं, मला माहीत आहे. डोळे उघडले तर साहेब घड्याळ पाहत होते.

“यांचं म्हणणं काय आहे, काही समजून राहिलं का?” त्यांनी बाबूला विचारलं.

“नाही सर.”

“मग लिहा. म्हणणे काही नाही.”

ही माझी सुनावणी. कायद्यानं दिलेली.

सक्करदऱ्याच्या पुढं आमचं दोन खोल्यांचं घर आहे. बाबांनी बांधलेलं. पुढच्या खोलीत मी पंखे आणि पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचो. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा दुकान बंद केलं. त्या खोलीत हवा चांगली येते म्हणून तिची खाट तिथं आणली. मी दुसऱ्याच्या दुकानात कामाला लागलो. दारावरची पाटी तेवढी काढायची राहिली. मोजणीवाले कधीतरी आले, पाटी पाहिली आणि रस्त्यावरूनच अख्खं घर दुकान म्हणून लिहून गेले. आत खाटेवर बाई पडली आहे, हे पाहायला कोणी आलं नाही.

माझं बोलणं म्हणजे आई होती. शाळेत हजेरीच्या वेळी माझ्या तोंडून ‘हजर’ निघायचं नाही. पहिल्या बाकावर बसलेला असूनही गुरुजी मला गैरहजर लावायचे. मग आई शाळेत येऊन सांगायची, पोरगा रोज येते. दुकानातही तसंच. पंखा मी उघडायचो, गिऱ्हाइकाशी ती बोलायची. आजारपणात तिचीही जीभ जड झाली. मग त्या घरात आम्ही दोघं होतो आणि बोलणारं कोणी नव्हतं. संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसायचो. ती माझा हात धरायची. कधी कधी अख्खा दिवस त्या घरात एक शब्द उच्चारला जायचा नाही.

ती गेली. तेरवी झाली, पाहुणे परतले. त्यानंतर माझ्याकडं पहिल्यांदा काही आलं ते हे बिल. घराचं नाही, दुकानाचं. तेही मागच्या काही वर्षांपासूनचं. पाठोपाठ जप्तीचा कागद फाटकावर चिकटवून गेले. गल्लीतली माणसं थांबून तो वाचायची. मला कोणी काही विचारलं नाही. माझ्याशी बोलायला वेळ लागतो, म्हणून लोक टाळतात. त्यांचं चुकतं असं मी कधी म्हटलं नव्हतं.

महापालिकेच्या टॅक्स ऑफिसात गेलो. बाबूनं फाइल काढली.

“तुमची सुनावणी होऊन गेली ना,” तो म्हणाला. “गैरहजर होते तुम्ही.”

नोटीस कुठं आहे, हे मी मोठ्या कष्टानं विचारलं. त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. ‘शेजाऱ्यास दिली.’

आमच्या एका बाजूला मोकळा प्लॉट आहे. दुसऱ्या बाजूचं घर कित्येक वर्षं कुलूपबंद. हे मला सांगायचं होतं. “श...” एवढंच निघालं. बाबूनं फाइल बांधून टाकली होती.

मी घरी बसून अर्ज केला. नोटीस मला मिळाली नाही, घरात दुकान नाही, येऊन पाहा. महिने गेले. मग तारीख मिळाली.

माझी मोठी बहीण कन्हानला असते. तिचा फोन आला.

“माह्या जावयाले पाठवतो तुह्यासंगं. तो बोलते. तू फक्त बाजूले बसजो.”

“म-मी जातो.”

“तुह्यानं होत नाही गा भाऊ. काहून इज्जत घालवतं लोकाईत?”

ती वाईट नाही. तिनं मला लहानपणापासून पाहिलं आहे. पण मी जावयाला नको म्हटलं. आई गेल्यापासून माझ्या वतीनं बोलणारं कोणी उरलं नव्हतं. आता मलाच बोलायचं होतं. तारखेच्या आधी मी रोज रिकाम्या खाटेसमोर उभा राहून तयारी केली. एकटा असलो की मी अडखळत नाही. एक शब्दही अडत नाही. सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. खोलीत ऐकणारं कोणी नव्हतं.

आणि मग ती सुनावणी. मी लिहिलेला अर्ज फाइलीत होता. साहेबांनी तो उघडलाही नाही. “तोंडी सांगा,” म्हणाले. पुढं काय झालं ते वर सांगितलंच.

बाबूनं कागद माझ्यापुढं सरकवला. वरती लिहिलं होतं, म्हणणे काही नाही. खाली सहीची जागा. पेनाचं टोपण त्यानंच काढून दिलं. मी पेन घेतलं. आयुष्यभर मी असंच केलं आहे. लोकांनी माझं वाक्य त्यांच्या मनानं पुरं केलं आणि मी मान हलवली. मला चहा नको असायचा, पण लोक म्हणायचे चहा पाहिजे ना, आणि मी चहा प्यायचो.

मी पेन खाली ठेवलं.

“नाही,” मी म्हणालो.

“काय नाही?”

“सही.”

दोन्ही शब्द सरळ निघाले. हसणं थांबलं. साहेबांचा चेहरा बदलला.

“हे पाहा, पन्नास लोक आहेत बाहेर. तुमच्यासाठी काय दिवसभर बसून राहू?”

मी उठलो नाही. “मा-मा-माझं,” मी पुन्हा सुरू केलं. साहेबांनी पुढचं नाव पुकारलं. मी बोलतच राहिलो. अडत, थांबत, परत त्याच शब्दावर येत. पुढचा माणूस माझ्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला. मग साहेबांनी शिपायाला बोलावलं. शिपाई म्हातारा होता. त्यानं माझा दंड धरला आणि हळूच म्हणाला, “चला भाऊ, माहीवाली नोकरी जाते.” त्याच्यासाठी मी उठलो.

निकाल पोस्टानं आला. संधी देऊनही म्हणणे मांडले नाही, असं त्यात लिहिलं होतं.

मी कोर्टात गेलो. एक तरुण वकीलबाई मिळाल्या. त्यांनी माझं ऐकायला वेळ दिला, पण मधेमधे शब्द पुरवायच्या. कोर्टात त्या नोटिशीवर बोलल्या. शेजारी कोण, हेच कागदावर नाही. नोटीस नाही, तर सुनावणी कसली? मी मागं बसलो होतो. न्यायाधीशांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, काही विचारलं नाही. आकारणी रद्द झाली. नवी नोटीस द्या, नव्यानं सुनावणी घ्या, असा हुकूम निघाला.

बाहेर वकीलबाईंनी हात मिळवला. “जिंकलो काका आपण.”

बहिणीनं फोनवर देवाचे आभार मानले. मीही हो म्हणालो. घरी येऊन कुलूप काढलं, दिवा लावला, भात टाकला. जेवताना लक्षात आलं. बिल रद्द झालं, पण मला जे सांगायचं होतं ते अजून कोणीच ऐकलं नव्हतं. कायद्यानं मला जिंकवलं, तेही मी न बोलता.

गेल्या आठवड्यात नवी नोटीस आली. माझ्या दारात, माझ्या हातात. तारीख दिली आहे, तयारीला वेळ दिला आहे. साहेब तेच आहेत.

वकीलबाई म्हणाल्या, “तुम्ही येऊ नका काका, मी पाहून घेते.” बहीण म्हणाली, “आतातरी ऐक गा.” दोघींना मी नाही म्हणालो. वकीलबाई बाजूला बसतील. बोलणार मी.

साहेबांनी नक्कल केली तर ती संपेपर्यंत मी थांबेन आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू करीन. लोक हसले तरी पहिल्यापासून. माझं वाक्य मधेच कोणी पुरं केलं तर म्हणेन, हे माझं नाही, आणि माझं वाक्य मीच पुरं करीन. जेवणाची सुट्टी झाली तर होऊ द्या. मी तिथंच बसेन. मी जे बोललो तेच कागदावर उतरल्याशिवाय सही करणार नाही. मला वेळ लागतो. तेवढा वेळ त्यांना द्यावा लागेल.