बाभळीचा मुकुट

"गिळ. मला गळा हलताना दिसू दे."

आमच्या शाळेतल्या मोठ्या सिस्टर दुधाच्या पिंपाशेजारी उभ्या राहून प्रत्येक मुलाला हे म्हणायच्या. मूल पेला तोंडाला लावी आणि त्या किंचित वाकून त्याच्या गळ्याकडे बघत. गळा हलला की मान डोलावत, मग पुढचं मूल. काही वांड पोरं दूध गालात धरून ठेवायची आणि कोपऱ्यावर जाऊन थुंकायची, कारण त्या परदेशी पावडरीच्या दुधाला करपल्यासारखा वास यायचा. अशा पोराला सिस्टर त्याचं नाव, गाव, वडील कुठल्या गिरणीत असं काहीबाही विचारत उभं करत. उत्तर द्यायचं तर गिळावं लागे.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी सहज विचारलं, दूध कसं असतं हो? सिस्टरनी पेला भरून त्यांच्या हातात दिला आणि सवयीने त्यांच्याही गळ्याकडे बघत उभ्या राहिल्या. साहेबांनी निमूट संपवलं. आम्ही बाया पदराआड हसत होतो. सिस्टरना मात्र त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल, ज्याच्या विक्षिप्तपणाला आपण हसतो आणि मग कधीतरी त्याचं मूळ कळतं आणि हसणं घशात अडकतं.

मला मूळ आधीपासून ठाऊक होतं, म्हणून सांगते.

मी लग्न होऊन धुळ्याहून सुरतेला आले. नवरा गिरणीत विणाई खात्यात. घरात बसून जीव आंबायला लागला तेव्हा चर्चच्या मागच्या प्राथमिक शाळेत मराठी वर्गावर लागले. गुजराती आणि मराठी असे दोन्ही वर्ग तिथे होते. मुलं ख्रिस्ती थोडी, बाकी सगळी चाळीतली. खानदेशातून गिरणीत आलेल्यांची, रेल्वेत लागलेल्या बौद्ध घरांची. देवाधर्माचं मला पहिल्यापासून वावडं नाही आणि वेडही नाही. सिस्टरांच्या शाळेत आपलं कसं निभणार, ही धाकधूक मात्र होती.

ती पहिल्या आठवड्यातच गेली. मोठ्या सिस्टर वसईकडच्या निघाल्या. उंच, हाडापेराने रुंद, चालायला लागल्या की झगा फडफडायचा. मराठी आपलंच, पण हेल वेगळा. प्रत्येक मुलीला, बाईला आणि शिपाईणबाईला "बाय" म्हणायच्या. त्या वेळच्या सिस्टर तुम्ही पाहायला हव्या होत्या. मुलांबरोबर लंगडी घालायच्या. प्रार्थनेत एखादं पोर जांभई देताना दिसलं तर स्वतःच मोठ्ठी जांभई देऊन म्हणायच्या, "देवालाही झोप येते गो, आटपा लवकर." नीतीच्या तासाला त्या गोष्ट सांगू लागल्या की शेजारच्या वर्गातली मुलं भिंतीला कान लावत.

ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ असतो. त्या दिवसांत सिस्टर शाळेच्या सभागृहात एक मुकुट टांगायच्या. बाभळीच्या फांद्या वळून केलेला, लांब पांढऱ्या काट्यांनी भरलेला. येशूच्या डोक्यावर असा मुकुट घातला होता, असं त्या सांगत. मग नियम असा, की ज्या मुलाने एखादा त्याग केला असेल, आवडती वस्तू सोडली असेल, त्याने सकाळी येऊन मुकुटाचा एक काटा मोडून काढायचा. येशूचं दुखणं तेवढं कमी. गुड फ्रायडेपर्यंत मुकुट गुळगुळीत व्हायला हवा. आणि महत्त्वाची अट, काय सोडलं ते कुणालाही सांगायचं नाही. ते फक्त आपल्याला आणि देवाला माहीत असायला हवं.

सक्ती कुणावर नव्हती. पण मुलांना असलं काही मिळालं की ख्रिस्ती कोण आणि बिगर ख्रिस्ती कोण? सगळी शाळा काटे काढायला धावायची. कुणी गोळ्या सोडायचं, कुणी गोट्या, कुणी भावाशी भांडण. मला स्वतःला ती पद्धत आवडली होती. पोरं तेवढे दिवस शहाण्यासारखी वागत.

माझ्या दुसरीच्या वर्गात सुमन नावाची मुलगी होती. एरंडोलकडची माणसं. बाप गिरणीत, आई क्षयाने अंथरुणाला खिळलेली. सुमनचे केस कुणी विंचरून देणारं नव्हतं, म्हणून तिने ते स्वतःच कात्रीने कापून टाकले होते, एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. घरात अहिराणी बोलणारी ही पोर वर्गात पुस्तकी मराठीत बोलायला बघायची आणि मधेच अडली की ओठ चावायची. त्या उपवासकाळात ती रोज सभागृहात दिसू लागली. रोज एक काटा. कधी दोन.

सिस्टरच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं. एका सकाळी त्यांनी तिला सगळ्या शाळेपुढे उभं केलं आणि तिच्या त्या वेड्यावाकड्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "ही पाहा. हिला कुणी शिकवलं नाही, पण देवासाठी सोडणं म्हणजे काय ते हिला कळलंय." सुमन लाजली नाही. ती ताठ उभी राहिली, मोठ्या माणसासारखी.

ती काय सोडत होती ते कुणी विचारलं नाही. विचारायचं नाही, हाच तर नियम होता. दूध आणि दलिया मधल्या सुटीत मोठ्या वर्गातल्या मुली वाटत, आम्ही शिक्षिका तेवढ्यात चहा घेत असू. आणि चाळीतल्या घरची तऱ्हा अशी, की सकाळी काळा चहा, बाप कामावर, आई पडून. शाळेतलं ते दूध आणि वाटीभर दलिया हेच त्या पोरीचं दिवसाचं जेवण होतं. बाप संध्याकाळी येऊन भाकरी टाकेपर्यंत दुसरं काही नसे.

मग चाळीत गोवराची साथ आली. वर्गातली निम्मी मुलं आजारी पडली आणि उठून बसली. सुमन उठली नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, गोवराने अशी मुलं जात नाहीत, हिच्या अंगात लढायला काही शिल्लकच नव्हतं.

शाळा भरली तेव्हा सिस्टर माझ्या वर्गात आल्या. सुमनसाठी प्रार्थना करू या, म्हणाल्या. मुलांनी हात जोडले. तेवढ्यात तिच्या शेजारी बसणारी मुलगी उभी राहिली आणि रडत रडत म्हणाली, "सिस्टर, ती तिना वाटानं दूध रोज माले दी दे. दलियाबी. म्हने, कोनले सांगू नको, हाई देवनं काम शे."

प्रार्थना झाली नाही. सिस्टर तिथेच पोरांच्या बाकावर बसल्या. त्या छोट्याशा बाकावर तेवढं मोठं माणूस गुडघे पोटाशी येऊन बसलेलं. त्यांनी त्या रडणाऱ्या मुलीला जवळ ओढलं आणि "तुझी चूक नाही, बाय, तुझी काही चूक नाही," एवढंच म्हणत राहिल्या. मी मुलांना बाहेर अंगणात नेलं.

मुकुट दुसऱ्या दिवसापासून दिसला नाही. सिस्टरची लंगडी बंद झाली, गोष्टी बंद झाल्या. चहा सोडून त्या पिंपाशेजारी उभ्या राहू लागल्या. मला एकदाच म्हणाल्या, "बाय, मी मुलांना देव शिकवायला आले आणि उपाशी पोरांना उपाशी राहायला शिकवलं." मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यांनी ऐकूनही घेतलं नाही.

इथे संपलं असतं तर तेही पुष्कळ झालं असतं. पण सुमनची आई बरी झाली.

सिव्हिलमधली इंजेक्शनं लागू पडली आणि पावसाळा संपता संपता ती बाई हिंडूफिरू लागली. एक दिवस नारळ आणि खण घेऊन शाळेत आली. सुमनने जाण्याआधी तिला सांगितलं होतं, "माय, तू आते बरी व्हशी. मी बठ्ठा काटा काढात." पोरीने सगळे काटे काढले, म्हणून आई त्या मुकुटाला कुंकू लावायला आली होती. मुकुट नाही म्हटल्यावर तिने नारळ सिस्टरच्या पायाशी ठेवला. सिस्टर दोन पावलं मागे सरकल्या आणि प्रार्थनाघरात निघून गेल्या. तो नारळ शेवटी शिपाईणबाईने उचलून ठेवला.

आईने घरी जाऊन स्वतःच बाभळीचा मुकुट वळला आणि देवांच्या फळीशेजारी खिळ्याला टांगला. नळावर पाण्याला उभी राहिली की ती सगळ्यांना सांगायची, मनी पोरनी माले वाचाडं. दुखणं कुणाच्या घरात नसतं? बायका आपापल्या पोरी तिच्याकडे पाठवू लागल्या. बापाची दारू सुटावी, भावाला काम लागावं. पोरीने एक वेळचं जेवण सोडायचं आणि काटा काढायचा. आम्हाला शाळेत याचा पत्ता नव्हता. पुढच्या उपवासकाळात पहिलीतली एक चिमुरडी सकाळच्या प्रार्थनेत कोसळली, तिला पाणी पाजताना सगळं बाहेर आलं.

सिस्टर मला घेऊन त्याच दुपारी चाळीत गेल्या. त्यांना जे बोलायचं होतं ते मला दिसत होतं आणि त्यांनी ते बोलू नये असं मला वाटत होतं. त्या बाईकडे दुसरं होतं काय? पोर गेली, पण माझ्यासाठी गेली, एवढ्या एका आधारावर ती भाकरी थापत होती, पाणी भरत होती.

दारात सिस्टर उभ्या म्हटल्यावर आसपासच्या बायका गोळा झाल्या. सुमनच्या आईने लगबगीने गोधडी अंथरली. सिस्टर बसल्या नाहीत.

"हा मुकुट काढ, बाय."

"का वं, सिस्टर? तुमनाच तं शे."

"माझाच आहे, म्हणून सांगते. तुला सुमननं नाही वाचवलं. तुला औषधानं वाचवलं."

ती हसली, मुलांना समजवताना हसतात तशी. "औषध तं बठ्ठासले देतस. बठ्ठा कोठे वाचतस? मनी पोरनी माले वाचाडं."

सिस्टरच्या कपाळावर घाम आला होता. दारातल्या बायकांकडे त्यांनी पाहिलं. त्यांच्या कडेवर, पदराशी पोरं होती. मग त्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "नाही. ती उपाशी होती म्हणून मेली. देवानं तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं मी. तिला मी शाबासकी दिली, सगळ्यांपुढे."

बाई बघतच राहिली. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र बदलले. मी आयुष्यात बरीच मरणं पाहिली, पण माणसाचं मूल दुसऱ्यांदा मरताना तेवढं एकदाच पाहिलं.

"मंग मनी पोर फुकट गयी का?" तिने विचारलं.

मला वाटलं, आता तरी सिस्टरनी खोटं बोलावं. देव बघून घेईल.

"हो, बाय," सिस्टर म्हणाल्या. "फुकट गेली."

त्यांनी हात वर केला आणि मुकुट खिळ्यावरून काढला. काटे तळव्यात रुतले, त्यांनी मूठ सोडली नाही. कुणी अडवलं नाही. आम्ही चाळीच्या टोकाशी पोहोचलो तेव्हा मागून आवाज आला, "तिले पोर नही. तिले काय समजी?"

सिस्टरनी ते ऐकलं. चालायच्या थांबल्या नाहीत.

त्या दिवसानंतर चाळीतल्या कुठल्याच पोरीने जेवण सोडलं नाही, हे मी नक्की सांगते. पण सिस्टरनी देवाविरुद्ध काहीतरी बोलल्याची कुणकुण वरपर्यंत गेली. फादर एकदा येऊन तासभर बसले. मे महिन्यात सिस्टरची बदली झाली, दूर डांगातल्या एका आश्रमशाळेवर. मुलांना सुटी होती, त्यामुळे निरोपाला मी आणि शिपाईणबाई एवढ्याच. सिस्टरनी माझा हात धरला. "तिच्याकडे जात जा," म्हणाल्या. मी जात राहिले. कधी तिने बसायला सांगितलं, कधी नाही. सिस्टरचं नाव मी काढलं की ती भांडी घासायला उठायची. सुमननंतर तिला मुलगा झाला, तोही आमच्याच शाळेत आला, तरी तिने ते नाव कधी तोंडातून काढलं नाही.

तापीला मोठा पूर येऊन गेला, त्यानंतरच्या हिवाळ्यात डांगातून निरोप आला. मलेरियाचा ताप डोक्यात गेला आणि मोठ्या सिस्टर गेल्या. शाळेने अर्ध्या दिवसाची सुटी दिली. मी घरी न जाता चाळीत गेले.

ती चुलीपुढे बसली होती. तवा तापलेला, परातीत पीठ मळून ठेवलेलं. मी उंबऱ्यातूनच सांगितलं. मग तिने तवा उतरवला, पीठ झाकलं आणि तांब्यातलं पाणी चुलीत ओतलं. घरभर धूर झाला.

धूर बघून शेजारीण धावत आली. "काय व्हयनं वं? चूल कसाले इझाडी?"

सुमनच्या आईने डोक्यावरून पदर घेतला.

"आमना घरनं मानूस गये," ती म्हणाली.