द्यायची साडी आणि नेसायची साडी: शहापूर ते निपाणी

ह्यांचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि मी बोललेली ओटी डोक्यावर बसली. निपाणीजवळच्या आईच्या माहेरी मरगूबाईचं लहानसं देऊळ आहे. "साडी नेसवीन" असं मी दवाखान्याच्या बाकावर बसून बोलले होते. आता मरगूबाईला काही पुण्यातून ऑनलाइन साडी पाठवता येत नाही. जायला हवंच होतं.

खरं सांगायचं तर ओटी हे सोपं काम होतं. अवघड काम निपाणीत होतं, ते म्हणजे जोतिबामामा. आईचा धाकटा भाऊ, हायस्कुलात चाळीस वर्षं विज्ञान शिकवलेला आणि ठार नास्तिक. नाव मात्र जोतिबा. "नाव बापानं ठेवलं, मला कुठं इचारलं?" हा त्याचा ठेवणीतला विनोद. या मामाशी मी सहा वर्षं बोलले नव्हते. तो आता पंचाहत्तरीच्या पुढे गेलाय. या खेपेला बोलले नाही तर पुढची खेप मिळेल की नाही, कोण जाणे.

ज्यांना हा रस्ता धरायचा आहे त्यांच्यासाठी: स्वारगेटहून सकाळी नऊची बस पकडा. सातारा ते कोल्हापूर रस्त्याची कामं चालू आहेत, त्यामुळे सात तासांचे नऊ होतात, मनाची तयारी ठेवा. कागल सुटलं की थोड्याच वेळात पाट्यांवरची अक्षरं कानडी, गोल व्हायला लागतात आणि मला आजही घरी आल्यासारखं वाटतं. निपाणीवरूनच बस पुढे गेली. मी खिडकीकडे पाठ करून बसले. साडी तर बेळगावातल्या शहापूरचीच हवी होती, आणि मामासमोर जायला एक दिवस जास्तीचा मिळाला, हेही खरं. तवंदीचा घाट, संकेश्वर, मग काकती आणि तिन्हीसांजेला बेळगाव.

माझा जन्म शहापूरचा. आमच्या गल्लीत मागाचा आवाज थांबला की लोक दचकून जागे व्हायचे. वडिलांचे दोन हातमाग होते. दर वर्षी मरगूबाईच्या साडीसाठी ते निराळं सूत काढून ठेवायचे. ती विणत असताना आम्हा पोरींना मागाजवळ फिरकू द्यायचे नाहीत. आई ती साडी घेऊन माहेरी जायची, देवीला नेसवायची आणि गुरवाकडून मागच्या वर्षीची साडी प्रसाद म्हणून घेऊन यायची. मग ती साडी आई वर्षभर वापरायची. चुलीपुढे, विहिरीवर, बाजाराला, सगळीकडे. माझ्या आईच्या अंगावर देवीने आधी न नेसलेली साडी मी क्वचितच पाहिली.

मुक्काम बाळूअण्णाकडे, माझ्या चुलतभावाकडे. पुढच्या खोलीत साड्यांचं दुकान, मागे चार यंत्रमाग. रात्री वहिनीने भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. जेवणावर कुंदा, बेळगावची खव्याची मिठाई. (कुंदा न्यायचा असेल तर ताजा, कोरडा बघून घ्या. चार दिवस टिकतो, आमच्याकडे दीड दिवसात संपतो.)

सकाळी साडी निवडायला दुकानात बसले. बाळूअण्णाने गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "नेसायची हाय का द्यायची?"

मी विचार न करता म्हणाले, "द्यायची. मरगूबाईची ओटी आहे."

त्याने खालच्या फळीवरचा गठ्ठा ओढला. हिरव्या, लाल, पिवळ्या साड्या, काठाला झगझगीत जर. एक हातात घेतली तर पलीकडचा माझा हात दिसत होता.

"अण्णा, ही नेसायची कशी?"

"नेसायची न्हाय, द्यायची म्हणालीस न्हवं? मापातबी कमी असत्यात. देवीला कुठं धुवायची हाय? एकदा अंगावर दावली की झालं."

"आणि मग?"

बाळूअण्णा हसला. "मग ढीग साचतो. ढीग साचला की गठ्ठ्यानं दुकानास्नी. माझ्याकडंबी येत्यात. इस्त्री मारली की नवी. ह्या गठ्ठ्यात दोन-दोन येळा देवीला जाऊन आलेल्या असतील बघ. नेसायच्या आता किती खपत्यात? धंदा द्यायच्यावर चाललाय, आक्का."

तो अगदी निर्मळपणे सांगत होता, त्यात लबाडी अशी काही नव्हती. घेणाऱ्याला माहीत, विकणाऱ्याला माहीत, गुरवाला माहीत. एकट्या देवीला माहीत नसावं, असं धरून आम्ही सगळे चाललो होतो. आणि मी, विणकराची मुलगी, "द्यायची" म्हणून मोकळी झाले होते. मला भयंकर लाज वाटली. वडिलांच्या वेळी हा शब्दच नव्हता. द्यायची ती नेसायचीच असायची.

तिथेच, त्या गठ्ठ्यासमोर, मामाचा सहा वर्षांपूर्वीचा फोन आठवला. म्हणजे तो विसरले कधीच नव्हते, फक्त ऐकला त्या दिवशी.

वडील गेल्यावर आई एकटी होती. ती अंथरुणाला खिळली तेव्हा मामाने तिला निपाणीला आपल्या घरी नेलं. मी पुण्यात, बँकेत, मार्चअखेर. रजा मिळत नव्हती, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं हे की मला तिला तशी बघवत नव्हती. म्हणून मी घरी मोठा अभिषेक घातला. अकरा ब्राह्मण, दूध, मध, सगळं यथासांग. पूजेच्या आदल्या दिवशी मामाचा फोन आला. "तिकडं देवाला न्हाऊ घालतीयास, हिकडं आईला तुझी मामी न्हाऊ घालतीया. तू कवा येतीस?"

मी म्हणाले, "देव न मानणाऱ्याने मला शिकवू नये. माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस." आणि फोन आपटला. पूजा झाली, प्रसाद वाटला, दुसऱ्या दिवशी मी निघाले. कोल्हापूर यायच्या आत आई गेल्याचं कळलं. मामाला मी क्षमा केली नाही, कारण तो बरोबर होता. चुकला असता तर दिवसकार्यातच भांडण मिटलं असतं.

"अण्णा, नेसायची दाखव," मी म्हणाले.

"देवीला? उगं कशाला, ढिगातच जायची."

"दाखव तू."

गर्द जांभळी, लाल काठाची, हाताला भरीव लागणारी साडी घेतली. किंमत विचारू नका, भावाने लावली तशी दिली.

दुपारी बेळगाव–निपाणी साधी बस. पावणेदोन-दोन तास. कर्नाटकातल्या बायकांना या बसला तिकीट नाही, त्यामुळे बायकांनी गाडी भरलेली. कंडक्टर आला, "आधार, आक्का?" मी ऐटीत काढून दिलं. त्याने उलटसुलट बघितलं. "पुण्याचं हाय हे. तिकीट काढा." शेजारच्या बाईला माझी दया आली. म्हणाली, "लगीन जवळपास करायचं हुतं." सगळ्या हसल्या, मीही हसले. जन्मगावी पाहुणी म्हणून तिकीट काढायची ही पहिलीच वेळ.

निपाणीच्या स्टँडवर उतरल्यावर तंबाखूचा उग्र वास आला. लहानपणी हा वास म्हणजे सुट्टी, मामा आणि त्याची सायकल. पुढच्या नळीवर मी, मागे आई, असा तो आम्हाला देवळापर्यंत सोडायचा. स्वतः बाहेर कट्ट्यावर वर्तमानपत्र वाचत बसायचा आणि आम्ही बाहेर आलो की ओटीतलं खोबरं पहिल्यांदा तोच खायचा. "खोबऱ्याला धरम नसतोय," म्हणायचा. आई त्याच्या पाठीत धपाटा घालायची.

मामीने मला बघितलं आणि तोंडाला पदर लावला. मामा अंगणात खुर्चीवर बसून, पेपर नाकाला लावून वाचत होता. डोळे पार गेलेले दिसत होते.

"कोण आलंय गं?"

"पुण्याहून मी, मामा." दारातच उभी राहिले. "येऊ का आत?"

"दार उघडंच हाय," मामा म्हणाला. "माझ्याकडनं ते कवाच बंद न्हवतं."

बसलं ते वर्मी. पण मामीने पाण्याचा तांब्या हातात दिला, चहा ठेवला, आणि पहिला घोट घेताना मला रडू फुटलं. मामाने माझी पिशवी जवळ ओढली. पिशवीतली साडी चाचपून बघितली, काठ दोन बोटांत चोळला. "ही द्यायची न्हाय दिसत," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मामी देवळाला निघालो. गावापर्यंत वडाप जातं. वडाप म्हणजे बसतील त्याच्या दुप्पट माणसं भरल्याशिवाय न हलणारी जीप. माणशी वीस रुपये, गुडघे फुकट. "पाय मोकळं करून येतो," म्हणून मामाही चढला. पाय मोकळे करायला तो जीपमध्ये का बसला, हे आम्ही दोघींनीही विचारलं नाही.

देऊळ तसंच आहे, फक्त टाइल्स लागल्यात. मामा सवयीने कट्ट्यावर बसला. आत गुरवाने साडी देवीला नेसवली, खण-नारळ ठेवला. क्षणभर ती जांभळी साडी आणि देवीचे चांदीचे डोळे असं काही दिसलं की मी हात जोडून नुसती उभी राहिले. मागायचं सुचलंच नाही. मग गुरवाने निऱ्या सोडल्या आणि कोपऱ्यातल्या ढिगाकडे हात नेला.

"काका, ती प्रसाद म्हणून परत द्याल?"

तो थबकला. "द्यायला काय झालं? कोण मागतच न्हाय आता. तुमची आई मागायची."

साडी घेऊन मी तिथेच मामीपुढे धरली. "मामी, आईला शेवटी तू न्हाऊ घातलंस. ते माझं काम होतं."

मामी दोन पावलं मागे सरली. "अगं बया, देवीच्या अंगावरची! मी कशी नेसू? मला न्हाय सोसायची."

बाहेरून, कट्ट्यावरून आवाज आला. "घे गं. परसादाला न्हाय म्हणू नये."

मामी माझ्याकडे बघायला लागली, मी मामीकडे. गुरवालाही हसू आवरेना. मामीने साडी घेतली, कपाळाला लावली आणि देवीपुढे बसून राहिली. मी बाहेर येऊन मामाशेजारी टेकले.

"मामा, तू फोनवर म्हणालास ते खरं होतं," मी म्हणाले. सहा वर्षं हे वाक्य घोकलं होतं.

त्याने पायाने माती उकरली. "खरं हुतं. पर मी खरं बोलायच्या लायकीचा हुतो का, ते बघाय पायजे हुतं. आक्का, तुझी आई, शेवटच्या आठवड्यात म्हणत हुती, जोत्या, एकदा मरगूबाईला घेऊन चल. अर्ध्या तासाचं काम. रिक्षात घालून आणली असती."

"मग?"

"न्हाय आणली. आधी सायकलीवरनं सोडत हुतोच की. पर त्या येळंला वाटलं, लोक म्हणतील, मास्तर शेवटी आला देवाच्या दारात. म्हटलं, बरी हो, मग बघू." त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तू देव हाय म्हणून आली न्हाईस, मी देव न्हाय म्हणून तिला नेली न्हाय. आक्का मधल्यामधी ऱ्हायली."

मी त्याचा हात धरला. आम्ही दोघंही रडलो, मोकळेपणाने. येणारे-जाणारे बघत होते आणि मास्तर देवळाच्या कट्ट्यावर डोळे पुसतोय, याची त्यांच्यात चर्चाही झाली असेल.

निपाणीहून पुण्याला परतीच्या गाड्या भरपूर आहेत, सकाळी अकराची बरी. कुंदा घेऊन आले, तो संपला. देवावरची माझी श्रद्धा होती तेवढीच आहे. मामाचं "देव न्हाय" हे मला पटलेलं नाही आणि माझं त्याला पटणार नाही. पण एवढं कळलं की माझ्या पूजेतलं पोकळ काय, ते मला कुठल्याही कीर्तनकाराने दाखवलं नव्हतं. ते नास्तिकानेच दाखवलं, आणि मी त्याबद्दल त्याला दार बंद केलं. देव मानणाऱ्यांनी घरात एक तरी न मानणारा जपून ठेवावा. तो टोचतो, पण त्याची गरज असते.

परवा मामा पुण्याला आला, मोतीबिंदूसाठी. मी आग्रह करून बोलावलं होतं, तरी येईल याची खात्री नव्हती. बस लवकर पोचली आणि बेल वाजली तेव्हा मी देवघरात, अर्ध्या पूजेत. दार उघडलं. मामा उंबऱ्याबाहेरच उभा, हातात पिशवी, हळद-उदबत्तीचा वास दारापर्यंत आलेला.

"पूजा चालली हुती न्हवं तुझी? पुरी करून घे. मी थांबतो हितंच."

"चालूच आहे, मामा," मी म्हणाले, आणि त्याच्या हातातली पिशवी घेतली.